मोडनिंब, एकास सत्याऐंशी

भाग क्रमांक ८३ माझ्या हातून उडाला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. भाग क्रमांक ८३ म्हणजे मी जोडत असलेल्या छोट्या रेल्वे स्टेशनातली, तिकीटखिडकीच्या वरची कमान. लांबी बारा मिलिमीटर, रंग नेमका आमच्या फरशीचा. मी ती चिमट्यात धरली होती. चिमटा केसभर जास्त दाबला गेला, ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला आणि कमान गेली.

मी जमिनीवर पालथा पडलो आणि मोबाइलचा उजेड पाडत सोफ्याखाली शिरलो. तेवढ्यात ही उठून आली.

“काय हरवलंय?”

“कमान.”

“सापडली की दिवा मालवा,” असं म्हणून ती परत झोपायला गेली. दुसरा प्रश्न कधी विचारू नये, हे तिला छत्तीस वर्षांच्या संसारानं शिकवलंय.

सोफ्याखाली मला तिचं एक कानातलं, दोन रुपयांची तीन नाणी आणि नातवाच्या डायनोसॉरचं शेपूट सापडलं. या शेपटापायी त्यानं तीन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. कमान सापडली नाही.

तसं पाहिलं तर हे सगळं त्या नातवामुळेच सुरू झालं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. सुट्टीत पोराला कुठं न्यायचं म्हणून त्याला तिथं घेऊन गेलो. दहा मिनिटांत त्याला आइस्क्रीम हवं झालं. मला मात्र तिथून हलवेना. शेवटी त्यानंच माझा हात धरून मला बाहेर आणलं. घरी आल्या आल्या मी भाच्याला फोन लावला. भाचा स्टुटगार्टला असतो.

“मामा, एवढंच ना? इकडे या वेडाची दुकानंच्या दुकानं आहेत. हॅम्बुर्गला तर एका जुन्या गोदामात २००१ पासून डोंगर, विमानतळ, शहरं सगळं मांडून ठेवलंय. लोक रांगा लावून बघतात. मी आणतो तुम्हाला एक स्टेशन.”

दिवाळीत त्यानं खोकं आणलं. खोक्यावर ब्लॅक फॉरेस्टमधल्या खेड्यातल्या स्टेशनाचं चित्र होतं. उंच उतरतं छप्पर, दोन धुराडी, प्रत्येक खिडकीखाली लाल फुलांची कुंडी. आत मात्र स्टेशन नव्हतं. आत होते प्लास्टिकचे दोनशेबारा तुकडे, फांदीला चिंचा लागाव्यात तसे काड्यांना लगडलेले. सोबतच्या कागदावर आकडे होते, बाण होते, अक्षर एकही नव्हतं. जर्मन माणूस शब्द वाया घालवत नाही. आपल्याकडे साधा मिक्सर घेतला तरी ‘अभिनंदन!’पासून सुरुवात होते.

या किटांचं माप असतं ‘एचओ’, म्हणजे एकास सत्याऐंशी. खरं सत्याऐंशी सेंटीमीटर तिथं एक सेंटीमीटर. त्या हिशेबानं साडेपाच फुटांचा मी एकोणीस मिलिमीटरचा भरतो. हे हिला सांगितल्यावर ती म्हणाली, “बरंच की. फरशी पुसताना पाय वर घ्या म्हणायला नको.”

शहाण्या माणसानं कागद पाहून स्टेशन जोडलं असतं आणि शोकेसमध्ये ठेवलं असतं. मला ब्लॅक फॉरेस्ट काय करायचंय? मला मोडनिंब हवं होतं.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबपासून दोन कोसांवर. तिथं जायला बार्शी लाइट. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली सुरू केलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी पुढं पंढरपूरपर्यंत आली. लहानपणी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं, ट्रंका डोक्यावर घ्यायच्या आणि या गाडीत शिरायचं. आता तिथं रूळ रुंद झाले, त्यालाही वीसेक वर्षं होऊन गेली. पण एका रात्री दोन वाजता मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि बाजारात या मापाला चालणारे छोटे रूळ मिळतात ते बरोबर नऊ मिलिमीटरचे! फरक पाव मिलिमीटर. खऱ्या रुळांत हा फरक दोन सेंटीमीटरचा होतो आणि तेवढ्यावर चौकशी समिती बसते. पण मला तो पांडुरंगाचा कौल वाटला.

किटाची मोडतोड करून त्यातून भलतंच काही उभारणं, याला या छंदातली मंडळी ‘किटबॅशिंग’ म्हणतात. यातल्या बॅशिंगचा अर्थ मला पुढं कळला.

आधी धुराडी गेली. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात शेकोटी पेटवणारा स्टेशनमास्तर मला तरी माहीत नाही. फुलांच्या कुंड्या गेल्या. मग छप्पर. ते उंच आणि उभं होतं, बर्फ घसरून पडावा म्हणून. उतार कमी करायचा तर दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंती वरून घासायला हव्यात. मी डावी घासली. ती जरा जास्त घासली गेली, म्हणून उजवी घासली. दोन बोक्यांचं लोणी वाटणाऱ्या माकडासारखा मी एकदा इकडून, एकदा तिकडून घासत राहिलो. दोन तासांत दुमजली स्टेशनाचं दीडमजली झालं. नाहीतरी मोडनिंबचं एकमजलीच होतं, म्हणून मी थांबलो नाही.

छपरासाठी पत्रा हवा होता, पन्हाळीचा. त्याची युक्ती मला अभिमानानं सांगावीशी वाटते. सहा मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे बरोबर एकेक मिलिमीटरवर असतात. त्यावर चांदीचा कागद ठेवून अंगठ्यानं दाबला की हुबेहूब पन्हाळी पत्रा उमटतो. चांदी घेतली ती माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्यांची. स्टेशन बांधताना रक्तदाब वाढतो, गोळ्या वाढतात आणि पत्र्याचा पुरवठा कधी खंडित होत नाही. वरून गेरूची पूड आणि तव्याची काजळी कुंचल्यानं फासली की पत्रा पन्नास पावसाळे खाल्लेला दिसतो. नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून युरोपात यासाठी खास रंगांच्या बाटल्या विकत घेतात, असं भाचा सांगतो. पुण्यात वस्तू गॅलरीत ठेवली तरी चालतं.

गोंदाचं प्रकरण मात्र मला झेपलं नाही. या प्लास्टिकचा गोंद चिकटवत नाही, वितळवतो. दोन्ही कडा क्षणभर विरघळतात आणि एकजीव होतात. पातळ पाण्यासारखा असतो. बोटाला कधी लागला ते मला कळलंच नाही. मी दर्शनी भिंत कौतुकानं उचलून पाहिली, आणि स्टेशनच्या ऐन तोंडावर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला, खरेदीखतावर उमटावा तसा. शंभर वर्षांनी कुणी मालकी हक्काचा वाद काढला तर पुरावा तयार आहे.

खिडक्यांच्या काचांना हा गोंद नको म्हणून मी झटपट चिकटणारा वापरला. तो सुकताना त्याची वाफ सुटते, आणि ती आसपासच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी पाहतो तर सगळ्या काचांवर दाट धुकं. शिवाय माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटलेले, म्हणजे आपोआप ज्ञानमुद्रा. त्याच मुद्रेत, हात पाठीमागं लपवून, मी सूनबाईकडे नेलपॉलिश काढायचं औषध मागायला गेलो. तिनं दिलं. का हवंय, हेही विचारलं नाही. सासूबाईंचं शिक्षण पुढच्या पिढीपर्यंत पोचलंय.

इथवर निभावलं. मग माझ्या हातून घोडचूक झाली. मी फोटो काढला आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘ओळखा पाहू! भिंतीला कुठला रंग होता ते आठवतंय का?’

सोलापूरहून दादाचं उत्तर पहिल्या मिनिटाला आलं. “पिवळा. यात विचारण्यासारखं काय आहे?”

चुलतभावाचं दुसऱ्या मिनिटाला. “लाल. गेरूचा. मी त्या भिंतीला टेकून बसायचो, सदऱ्याला लागायचा म्हणून मार खाल्लाय.”

दादा म्हणाला, मार दुसऱ्या कारणासाठी खाल्ला होता. ते कारण त्यानं ग्रुपवर सांगितलं. तिथं सुना होत्या, जावई होते. संध्याकाळपर्यंत बाकडं कुठल्या अंगाला, घंटा कुठं टांगलेली, पाण्याची टाकी चौकोनी की गोल, यावर चाळीसएक निरोप जमा झाले. मोडनिंबला ज्यांनी कधी पायही ठेवला नाही त्यांनीही मतं दिली. मी तर मिलिमीटरचे दशांश मोजत बसलो होतो, आणि इकडे एका भिंतीच्या रंगावर प्रत्यक्ष पाहिलेल्या दोघांचं जुळेना.

सर्वांत मोठं भांडण झाडावरून. दादाचं म्हणणं, फलाटावर कडुलिंब होता. गावाच्या नावातच निंब आहे. यावर बार्शीहून आत्याचा व्हॉइस मेसेज आला. आत्या चौऱ्याऐंशीची आहे. फोन तोंडाजवळ धरून ती ओरडते, कारण बार्शी लांब आहे.

“आरं, लिंब न्हवताच तितं! चिंच हुती. नावात हाय म्हनून झाड आसतंय व्हय? तुज्या नावात धन हाय, खिशात किती हाय?”

दादा ग्रुपमधून बाहेर पडला. त्याला परत आणायला चार दिवस लागले.

शेवटी मी मधला मार्ग काढला. स्टेशनची पूर्वेकडची अर्धी बाजू पिवळी रंगवली, पश्चिमेकडची गेरूची. दादाला पूर्वेकडून काढलेला फोटो पाठवतो, चुलतभावाला पश्चिमेकडून. दोघंही म्हणतात, अगदी हुबेहूब. झाड लावलंय त्याला पानं अशी बारीक केलीत की ते कडुलिंबही वाटावं आणि चिंचही. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर ‘मोडनिंब’ दोनदा लिहिलंय, वर मराठीत आणि खाली हिंदीत. एवढ्या एकाच गोष्टीवर अद्याप कुणाची हरकत आलेली नाही.

सामान आणायला बाजारात जायचं नाही, असा मी मध्येच पण केला. त्याचं कारण भाच्यानं सांगितलेली इंजिनाची किंमत. मग मी स्वयंपाकघरात शिरलो. मिरीचा दाणा साधारण पाच मिलिमीटरचा असतो. गुणिले सत्याऐंशी, साडेत्रेचाळीस सेंटीमीटर. म्हणजे माठ! रंगही काळा. फलाटावर तीन मिऱ्यांची पाणपोई झाली. मोहरीचा दाणा सतरा सेंटीमीटरचा, त्याचे तांबे झाले. वापरलेली चहापूड वाळवली की सोलापुरी काळी माती. रुळांमधली खडी खरी पाच सेंटीमीटरची, इथं अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी, म्हणजे जाड रवा. मी वाटीभर रवा पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं रुळांमध्ये बसवला आणि वरून राखेचा रंग दिला.

“उपम्याला रवा नाही,” ही म्हणाली.

“खडी पडली.”

“मग आज खडीच खा.”

माणसांचा प्रश्न उरला होता. भाच्यानं सोबत रंगीत प्रवाशांची एक डबी दिली होती. उघडून पाहिली तर सगळे स्कीवाले. टोप्या, कोट, पायात लांब पट्ट्या, दोन्ही हातांत काठ्या. तासभर मी डोक्याला हात लावून बसलो. मग एकदम उजेड पडला. हातात काठी घेऊन चालणारी माणसं पंढरपूरच्या वाटेवर कोण असणार? पट्ट्या पात्यानं कापल्या. काठ्यांना भगव्या कागदाचे त्रिकोण चिकटवले. टोप्या घासून पांढऱ्या केल्या. बायकांना टिश्यू कागद गोंदात बुडवून नऊवारी नेसवल्या. एक नऊवारी नेसवायला पाऊण तास लागतो, तोही बाई हलत नसताना. बर्फावरून आलेली चौदा माणसं मोडनिंबच्या फलाटावर पताका घेऊन उभी राहिली. एक जाडजूड गृहस्थ हातात बिअरचा मग घेऊन होता. त्याचं काही करता आलं नाही. मगातल्या फेसाला चहाचा रंग दिला. आता तो अर्धा लीटर चहा पितो.

हे झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हिनं मला हाक मारली. तिनं आपणहून स्टेशनकडे पाहण्याची ती पहिलीच वेळ.

टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढत होती. कुर्डुवाडीच्या बाजूनं फलाटात शिरत होती, पताकावाल्यांच्या पायांतून वाट काढत होती आणि पंढरपूरच्या बाजूनं बाहेर पडत होती. प्रत्येकीच्या डोक्यावर रव्याचा एकेक दाणा. राखेच्या रंगाला त्यांनी जुमानलं नव्हतं, फेव्हिकॉललाही नाही. जवळजवळ शंभर मीटर मार्गावरची खडी गेली होती. माझ्या मापानं, अर्थात.

मी मुंग्यांची पावडर आणायला वळलो.

“राहू द्या,” ही म्हणाली. “वारीवर पावडर मारता?”

संध्याकाळपर्यंत वारी आपोआप पुढं गेली. मग मी वाळू आणली आणि चहाच्या गाळणीतून तीनदा चाळली. ती गाळणी आता माझी आहे. स्वयंपाकघरात नवी आली.

गेल्या महिन्यात आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली. पट्टी काढल्यावर तिला पहिल्यांदा काय दाखवायचं, यावर घरात दुमत नव्हतं. मी टेबलावरची चादर बाजूला केली. ती काळा चष्मा वर सरकवून वाकली. बराच वेळ काही बोलली नाही. बोटानं हळूच पत्र्याला हात लावला, मिऱ्यांच्या पाणपोईपाशी थांबली, धुकं आलेल्या खिडकीतून आत डोकावली. कमान नसलेल्या जागेवर मी आइस्क्रीमची काडी कापून बसवली होती, तिकडे तिनं मान हलवली. झाडाकडे पाहून म्हणाली, “चिंच बरी जमलीय.”

मग रुळांकडे पाहिलं. आधी या टोकाला, मग त्या टोकाला.

“गाडी कवा हाय?”

मी जरा चाचरलो. “गाडी अजून आली नाही, आत्या.”

“मग त्यात नवं काय?” असं म्हणून तिनं खुर्ची ओढली, पदर सावरून टेबलापाशी बसली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हिला ओरडून सांगितलं, “चा टाक गं. येळ लागंल!”