सत्तर थेंब

मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस मिनिटांत उरकलं, कारण ते डॉक्टरांनी केलं. पुढचं काम माझ्या गळ्यात पडलं. आतली सूज उतरायला स्टेरॉइडचे थेंब: पहिल्या आठवड्यात दिवसातून चारदा, मग तीनदा, दोनदा, एकदा. जन्मभर हिशेब लिहिलेले असल्यामुळे मी तिथल्या तिथे बेरीज केली. एकूण ७०.

"बरं वाटलं की बंद केले तर?" असं विचारून पाहिलं. एकदम थांबवले तर सूज पुन्हा उसळते, आणि मनाने जास्त दिवस घातले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, असं उत्तर मिळालं. थोडक्यात, औषधाला कामावरून काढायचं, पण रीतसर नोटीस देऊन.

बाटल्या दोन. दुसरी अँटिबायोटिकची. दोन्हींमध्ये पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी आणि जवळचा चष्मा अजून मिळायचा होता, म्हणून स्टेरॉइडच्या बाटलीला रबरबँड लावला. ती आधी हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. इथवर मी पटाईत.

मग मान मागे, खालची पापणी ओढलेली, आणि वर लोंबकळणारा तो पांढुरका थेंब. तो सुटायच्या आत डोळा मिटतो. माझाच डोळा, पण माझ्यावर काडीचा विश्वास नाही. थेंब कधी भुवईवर, कधी कानात, बहुतेकदा मिशीत.

शेवटी बायकोने सूत्रं हाती घेतली.

"डोळा उघडा ठेवा."

"उघडाच आहे."

"मग हा मिटलेला कोणाचा?"

थेंब पडलाच, तर नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन मिनिटं बसायचं. नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं. मी दाबायला विसरायचो आणि चहा कडू झाला म्हणून तिच्यावर डाफरायचो.

अठराव्या दिवशी बाटली रिकामी झाली. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला, आत डोकावले, सगळं ठीक म्हणाले. नवी बाटली मागितली तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं. "पाच मिलीची होती ना? तिच्यात शंभराच्या आसपास थेंब असतात. तुमचे आत्तापर्यंत साठसुद्धा व्हायला नकोत."

मी जमाखर्च जुळवायला लागलो, तोवर शेजारून आवाज आला, "डोळ्याचं जाऊ दे डॉक्टर, ह्यांच्या मिशीला आता सूज म्हणून येणार नाही."