‘फेस येतो म्हणजे घाण निघते’: कुत्र्याच्या कानांवरच्या फॉरवर्डची झाडाझडती

‘कुत्र्याचे कान घरीच साफ करा, डॉक्टरची फी वाचवा’ असा सहा कलमी मजकूर सध्या फिरतोय. काल तो आत्याकडून आला. खाली तिचा प्रश्न: ‘करू का रविवारी?’ आत्याकडे कॉकर स्पॅनियल आहे, लोंबत्या आणि केसाळ कानांचा. हे सहा उपाय ज्याला सगळ्यात जास्त भोवतील, नेमका तसाच कुत्रा. नको करूस, आत्या. का ते त्याच क्रमाने सांगतो.

कलम १: दर रविवारी दोन्ही कानांत झाकणभर हायड्रोजन पेरॉक्साइड ओता. फेस म्हणजे बाहेर पडणारी घाण. फेस थांबला की कान स्वच्छ.

सगळ्यात घातक कलम हेच, आणि दिसायला सगळ्यात पटणारंही हेच. त्यामुळे यावरच जास्त बोलतो.

फेस घाणीमुळे येत नाही. रक्तात, पुवात आणि जिवंत पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं. पेरॉक्साइड त्याला भेटलं की त्याचं पाणी आणि प्राणवायू होतो. तो प्राणवायू म्हणजे फेस. धडधाकट कातडीवर तो जेमतेम येतो, सोललेल्या, खाजवून रक्ताळलेल्या कानात भसाभसा येतो. म्हणजे मजकूर वाचणारा माणूस काय करणार? जिथे फेस जास्त तिथे ‘अजून घाण आहे’ म्हणून आणखी ओतणार. जखम जितकी मोठी तितका डोस मोठा! फेसाच्या धक्क्याने थोडा मळ हलतो, हे मान्य. पण फेस थांबला म्हणून कान साफ झाला, हे कोणत्या हिशेबाने?

आता बाटली. परदेशी लेखांत ३ टक्के पेरॉक्साइड लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी नेहमीची बाटली ‘२० व्हॉल्यूम’ची, म्हणजे साधारण ६ टक्के. थेट दुप्पट. २० व्हॉल्यूमचा अर्थच असा की १ मिलिलिटर द्रवातून २० मिलिलिटर प्राणवायू सुटतो. झाकणात ५ मिलिलिटर मावलं असं धरलं तर १०० मिलिलिटर वायू, चहाचा एक कप भरेल इतका. तोही कुठे, तर काही मिलिलिटर मावतील अशा नळीत, जी आजारी कानात आधीच सुजून अरुंद झालेली असते.

ती नळी सरळही नाही. माणसाचा कान जवळपास आडवा आत जातो. कुत्र्याचा आधी खाली उतरतो आणि मग काटकोनात आत वळतो, इंग्रजी ‘एल’सारखा. पडदा त्या वळणापलीकडे. घरच्या टॉर्चने तो दिसत नाही, कितीही कान ओढा. त्यामुळे पडदा शाबूत आहे की फाटलाय हे घरी कुणालाच ठरवता येत नाही. ही भीती कागदी नाही. २००७ साली ‘व्हेटरिनरी डर्मॅटॉलॉजी’ या नियतकालिकात ग्रीसमधल्या पशुवैद्यांनी कानाच्या आजाराच्या १०० कुत्र्यांची पाहणी छापली. त्यांतल्या २५ जणांचा पडदा फाटलेला होता, ३८ जणांची नळी अरुंद झालेली होती. हे आजारी कुत्रे होते, गल्लीतले सरसकट कुत्रे नव्हेत. पण कानात काहीतरी ओतावंसं वाटतं तेही आजारी कुत्र्याच्याच. चारातल्या एकाचा पडदा फाटलेला असताना वर फेसाळणारं रसायन ओतलं की ते मधल्या कानात उतरतं. त्याच्या शेजारीच ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा अवयव आहे. कुत्रा मान एका बाजूला कलती धरतो, गोल गोल फिरतो, डोळ्यांची बुबुळं झटके मारतात, उभं राहता येत नाही. कधी कधी ऐकू येणं कायमचं जातं.

डेटॉल किंवा सॅवलॉन पाण्यात कालवून कानात घालणाऱ्यांनाही हेच लागू. सॅवलॉनमधली क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड ही दोन्ही द्रव्यं पडद्याच्या आत पोचली तर श्रवणाला घातक ठरतात. फरशीला चालतं ते कानाला चालतंच असं नाही.

फेस ओसरल्यावर मागे काय उरतं? पाणी. उबदार, अंधाऱ्या नळीच्या तळाशी साचलेलं. यीस्ट या बुरशीला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

राहिलं ‘दर रविवारी’. निरोगी कान स्वतःला साफ करतो. पडद्यावरची कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेला सरकत असते, दिवसाला एखाद-दोन दशांश मिलिमीटर, आणि मळ सोबत घेऊन येते. ताठ कानांच्या, खाज नसलेल्या कुत्र्याच्या कानांत महिनोन् महिने काहीही घालावं लागत नाही. उगाच दर आठवड्याला भिजवलेली कातडी पांढरट आणि लिबलिबीत होते. मग खरंच आजार होतो.

कलम २: इअर बड खोलवर फिरवा, तो स्वच्छ निघेपर्यंत.

वर सांगितलेलं वळण आठवा. बड मळाला त्या वळणाच्या पलीकडे ठासतो, बंदुकीत दारू ठासावी तसा. बड स्वच्छ निघतो, कारण मळ आता त्याच्या पोचेबाहेर गेलेला असतो. बड वापरायचाच तर कानाच्या पानाच्या आतल्या घड्यांत, डोळ्यांना दिसतं तेवढ्याच भागात.

कलम ३: तपकिरी मळ म्हणजे कानात किडे. खोबरेल तेलात लसूण तळून कोमट तेल सोडा.

ही फोडणी आमटीत घाला, छान लागेल.

आधी निदान पाहा. त्याच १०० कुत्र्यांत माइट्स, म्हणजे कानातले हे बारीक किडे, किती जणांना होते? सात. ॲलर्जी मुळाशी होती ४३ जणांच्या. आणि मॅलसेझिया नावाचं यीस्ट सापडलं ६६ जणांच्या कानांत. तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा मळ बहुतेकदा या यीस्टचा असतो. माइट्सचा मळ कोरडा, काळसर, कॉफीच्या चोथ्यासारखा. तोही जास्त करून पिल्लांत आणि मांजरांबरोबर राहणाऱ्या कुत्र्यांत. देश बदलला की आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण ‘तपकिरी म्हणजे किडे’ हे समीकरण कुठेच बसत नाही. पावसाळा आला की दरवर्षी दोन्ही कान लाल होतात, कुत्रा पंजेही चाटत बसतो, असं असेल तर ती ॲलर्जी आहे. ती कानात काहीही ओतून जाणार नाही.

या कलमात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. तेलाने माइट्स गुदमरतात, आणि खनिज तेल पूर्वी त्यासाठी वापरलं जायचं. पण अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस तेल चालू ठेवायचं, घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी, आणि कानाबाहेर केसांत फिरणारे माइट्स तरीही सुटतात. आता मानेवर लावायचा सेलामेक्टिनचा थेंब किंवा आयसॉक्झाझोलिन गटातली गोळी हे काम करते. लसणीने तर काहीच साधत नाही. ती सुजलेली कातडी भाजते, आणि कानातून ओघळलेलं तेल कुत्रा पंजावरून चाटतो. लसूण पोटात गेली तर कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय होतो.

कलम ४: वास येत असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं.

या फॉरवर्डमधलं सगळ्यात कमी वेडं कलम. दुकानातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, निम्मं पाणी घातल्यावर २ टक्के. स्यूडोमोनास या चिवट जिवाणूला एवढं पुरतं, पशुवैद्यही कधी कधी ते सुचवतात. पण पडदा तपासल्यावर आणि कान सोललेला नसताना. लाल कानात ते असं झोंबतं की पुढच्या वेळी कुत्रा कानाला हात लावू देत नाही. शिवाय डॉक्टरांनी जेंटामायसिनचे थेंब दिले असतील तर आम्लामुळे त्यांचा जोर कमी होतो. मग ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणून तक्रार डॉक्टरांकडेच.

कलम ५: कानातले केस उपटा. निरोगी कानातले नकोत. प्रत्येक केसामागे एक बारीकशी जखम होते. पूडलसारख्यांत केसांच्या गुंताड्याने कान वारंवार बिघडत असेल तर डॉक्टरांना विचारून. एरवी तोंडाशी कात्रीने आखूड करा.

कलम ६: कानातल्या गोचिडीवर रॉकेल. कातडी जळते, आणि डिवचलेली गोचीड सुटण्याआधी आपली लाळ आणखी आत सोडू शकते. एर्लिकिया आणि बबेसियाचे ताप तिच्यामार्फतच येतात. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडा, सरळ वर ओढा, स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांनी चिरडू नका. नळीत खोल असेल तर डॉक्टरांचं काम.

मग घरी करायचं तरी काय? हे कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण यात फेस नाही.

लोंबत्या कानांच्या कुत्र्याला दोन ते चार आठवड्यांतून एकदा, आणि आंघोळ किंवा पोहणं झाल्यावर. पशुवैद्याकडे मिळणारं इअर क्लीनर घ्या, ज्यात सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक ॲसिड अल्प प्रमाणात असतं. त्यातलं थोडं मळ सोडवतं, थोडं कान वाळवतं. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गार द्रव कानात गेला की कुत्रा पळतोच. कानाचं पान वर आणि मागे धरा, म्हणजे वळण थोडं सरळ होतं. टोक आत न खुपसता, कानाला न टेकवता नळी काठापर्यंत भरा. दोन थेंब टाकून काही होत नाही, ही नेहमीची चूक. मग कानाच्या मुळाशी, जबड्यामागे, अर्धा मिनिट चोळा. चुबुक चुबुक आवाज आला पाहिजे. आला नाही तर द्रव कमी पडलाय. आता हात सोडा आणि बाजूला व्हा. कुत्रा मान झटकेल आणि तळाचा मळ तोच वर आणेल. हे बाथरूममध्ये करा, भिंतीला रंग नवा असेल तर नक्कीच. शेवटी बोटाला गॉज गुंडाळून बोट सहज जाईल तेवढंच पुसा. औषधाचे थेंब घालायचे असतील तर दहा-पंधरा मिनिटांनी.

पुढचं काही दिसलं तर बाटली खाली ठेवा: रक्त, पू, हात लावताच विव्हळणं, कलती मान, किंवा कानाचं पान उशीसारखं फुगणं. ते फुगणं म्हणजे झटकून झटकून आत साचलेलं रक्त. सुईने टोचू नका.

डॉक्टरांकडे जायचं ठरलं की आधीचे दोन दिवस कान धुऊ नका. बिघडलेला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरच यीस्ट, जिवाणू की माइट्स ते कळतं, आणि चकाचक कानातून नमुना मिळत नाही. तोवर काही घालून झालं असेल तर काय, किती आणि कधी, ते तिथे सांगा. लसूणसुद्धा.