‘शकुंतला’ इंग्रजांची नव्हे: यवतमाळच्या बंद स्थानकाबद्दलचा एक लाडका गैरसमज

यवतमाळच्या बंद पडलेल्या रेल्वेस्थानकाच्या छायाचित्राखाली एक ठरलेला मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे: ‘शकुंतला एक्स्प्रेसचा मार्ग आजही ब्रिटिशांच्या मालकीचा आहे; १९५१ च्या राष्ट्रीयीकरणात सरकार तो विसरले; त्यापोटी आपण दरवर्षी ब्रिटनला कोट्यवधींची रॉयल्टी भरतो.’ वऱ्हाडातील जाणती माणसेही तो अभिमान आणि संताप यांच्या मिश्रणाने पुढे पाठवतात. त्यातले एकेक विधान तपासायला हवे.

मालकीचा मुद्दा आधी घेऊ. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा अरुंदमापी मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. तिची सूत्रे किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीकडे होती. ही पेढी १८५७ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांनी काढली हे खरे, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हाती आली. मार्ग खाजगी कंपनीचा असणे आणि तो ब्रिटनचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘सरकार विसरले’ हे विधान तर इतिहासालाच सोडून आहे. १९५१ मध्ये एका फटक्यात राष्ट्रीयीकरण झालेच नाही. या मार्गावर गाड्या चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे १९२५ मध्येच सरकारी व्यवस्थापनाखाली गेली होती, आणि १९५१ मध्ये मध्य रेल्वे जन्माला आली ती विभागांच्या पुनर्रचनेतून. छोट्या कंपन्यांचे काय करायचे, हा निर्णय ज्याच्या त्याच्या करारानुसार सावकाश होत गेला. आपली बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली. बंगालमधील हावडा–आमता मार्ग १९७१ मध्ये बंद पडेपर्यंत खाजगीच होता. म्हणजे शकुंतला हा एकमेव अपवाद नव्हता. तशा मार्गांपैकी ती फार काळ टिकली, एवढेच.

राहिली रॉयल्टी. रूळ कंपनीचे, तर गाडी आणि कर्मचारी रेल्वेचे, अशी विभागणी असल्याने उत्पन्नातील वाटा कंपनीला देण्याचा हा करार होता. ती खंडणी नव्हती. आता गाडीच धावत नाही, तेव्हा उत्पन्नाचा वाटा येणार कुठून?

मार्ग मेला तो वेगळ्याच कारणांनी. वऱ्हाडाचा कापूस मुंबई–नागपूर मार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी तो टाकला गेला, परंतु अडीच फुटी रुळांवरून आलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या मापाच्या डब्यात पुन्हा चढवावी लागे. ट्रक गिरणीच्या दारातच उभा राहू लागल्यावर हा खटाटोप कोण करणार? प्रवाशांना एसटी मिळाली. १९९४ मध्ये मँचेस्टरचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेल आले, तरी रूळ जुनेच राहिले. शेवटच्या काळात गार्डच प्रवाशांना तिकिटे देत असे. इतक्या हलाखीत चाललेली सेवा लंडनने नव्हे, दुर्लक्षाने बंद पाडली.

या मजकुराचा खरा तोटा असा की रुंदीकरणाचे, म्हणजे अरुंद रुळांच्या जागी मोठ्या मापाचे रूळ टाकण्याचे, उत्तर ज्यांनी द्यायचे ते रेल्वे मंत्रालय बाजूला राहते आणि राग ब्रिटनवर निघतो. वर्धा–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. त्या मार्गावर यवतमाळ आहे, दारव्हाही आहे. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर मात्र नाहीत. त्यांना शकुंतलेच्या रुंदीकरणाशिवाय दुसरी वाट दिसत नाही.