कोरे कापड आणि स्वच्छ कापड

लग्नसराई सुरू झाली आणि अखाजी जवळ आली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कापडखरेदीला उधाण येते, आणि त्याच सुमारास मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला चार निरनिराळ्या गटांवरून आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नवे कपडे आधी धुऊन मग घालायचे हे शहरी खूळ आहे. कापड कारखान्यातून बंद पिशवीत येते, म्हणजे ते स्वच्छच असते. आजकालचे रंग पक्के असतात. न धुता घातल्याने आजवर कोणाला काही झालेले नाही. आपले आजी-आजोबा कोऱ्या कपड्यांतच सण साजरे करीत. धुतल्याने चमक जाते आणि नव्याचा शकुन मोडतो. शिवाय पाण्याची एवढी टंचाई असताना न मळलेले कापड धुणे हा अपव्यय आहे. यांतला पाण्याचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, चमकेचा अर्धा खरा आहे आणि बाकीचे चुकीचे आहेत. माझे वडील खानदेशातील एका कापड गिरणीच्या सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या, खात्यात होते आणि मी स्वतः शाळेत रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे हा संदेश वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

पहिला मुद्दा पिशवीचा. ‘कोरा’ या शब्दाचाच अर्थ न धुतलेला असा आहे. गिरणीतही मागावरून उतरलेल्या, अजून पाणी न लागलेल्या कापडाला कोरे कापड म्हणत. कोरे म्हणजे न वापरलेले, हे खरे. पण न वापरलेले म्हणजे स्वच्छ, ही उडी संदेशकर्त्याने विचार न करता मारली आहे. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, तुटू नये म्हणून सुतावर खळ चढवावी लागते. वडिलांच्या काळात आणि त्याही आधी या खळीत स्टार्च तर असेच, पण सूत मऊ राहावे म्हणून चरबी, कापड वजनाला जड भरावे म्हणून चिनी माती आणि बुरशी लागू नये म्हणून झिंक क्लोराइडसुद्धा घातले जाई. आता खळीचे घटक बदलले आहेत आणि प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात, ती बरीचशी काढूनही टाकतात. परंतु त्यानंतर कापड कॉस्टिक सोड्यातून जाते, हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजित होते, म्हणजे पांढरे केले जाते, रंगवले जाते आणि अखेरीस हाताला मऊ लागावे म्हणून किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून त्यावर निराळी द्रव्ये चढवली जातात. मग ते कापणीच्या टेबलावर जाते, शिलाई यंत्राचे तेल आणि खडूच्या खुणा घेते, गठ्ठ्यांतून प्रवास करते, गोदामात डांबरगोळ्यांच्या शेजारी पडून राहते आणि दुकानात चार गिऱ्हाइके ते अंगाला लावून पाहतात. पिशवी फक्त बाहेरची धूळ अडवते. जे आत गेले, ते ती तितक्याच निष्ठेने आत राखून ठेवते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण धुण्याच्या बाजूने बोलणारेही कधीकधी भलतेच भय घालतात. दुकानात अंगाला लावून पाहिलेल्या कपड्यातून खरूज होण्याची शक्यता अगदी थोडी आहे. खरजेचा किडा माणसाच्या शरीराबाहेर साधारणपणे दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक जगत नाही. कपडा धुण्याचे कारण जंतू नव्हेत. कारण आहे कापडावर सुटी राहिलेली द्रव्ये, आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचा आहे रंग.

‘आजकालचे रंग पक्के असतात’ हे वाक्य रंगाईच्या कारखान्यात उभे राहून कोणी म्हणणार नाही. सुती कापडावरचे बहुतेक गडद रंग आज रिअॅक्टिव्ह जातीचे असतात आणि ते धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, हे बरोबर आहे. परंतु टाकलेला सगळा रंग जोडला जात नाही; रंगाच्या जातीनुसार आणि पद्धतीनुसार 10 ते 40 टक्के रंग पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो आणि धाग्यावर नुसता बसून राहतो. तो काढण्यासाठी कापड गरम पाण्यात साबण लावून पुनःपुन्हा खळबळावे लागते. या धुलाईला पाणी, वाफ आणि वेळ लागतो, म्हणजे पैसा लागतो, आणि माल स्वस्त करायचा झाला की पहिली कात्री येथेच लागते. जीन्सची गोष्ट आणखी निराळी. तिचा नीळ रंग, म्हणजे इंडिगो, धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जातच नाही; तो थरांनी धाग्याच्या बाहेरच्या भागात अडकून राहतो आणि घासला की निघतो. कोरी गडद जीन्स घालून फिकट रंगाच्या सोफ्यावर बसलेल्याला हे सांगावे लागत नाही.

या ठिकाणी घरोघरचा एक उपायही तपासून घेतो, कारण संदेशाला उत्तर देणारे अनेकजण तोच सुचवितात: मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात रात्रभर भिजवा, रंग पक्का होईल. रंगाच्या टाकीत मीठ घालतात हे खरे आहे, पण ते रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलण्यासाठी. एकदा रंगाई आटोपल्यावर बादलीतले मीठ सुट्या रंगाला धाग्याशी जोडू शकत नाही. तुरटीची आठवण मात्र आपल्याकडे जुनी आहे. जळगाव जिल्ह्यातील फैजपूर एकेकाळी निळ्या आणि तांबड्या रंगाईसाठी नावाजलेले होते, आणि ‘आल’ नावाच्या झाडाच्या मुळांसारख्या वनस्पतीजन्य तांबड्या रंगांना धाग्यावर धरून ठेवण्याचे काम तुरटीच करीत असे. तो रंग गेला, तुरटी तेवढी आपल्या बादलीत उरली. आजच्या रंगावर तिचा असा उपयोग नाही. सुटा रंग पक्का करण्याच्या नादी न लागता तो काढून टाकावा, हाच सरळ मार्ग आहे.

आता ‘आजवर कोणाला काही झालेले नाही’ या विधानाकडे वळतो. संदेशातील सर्वांत फसवे वाक्य हेच आहे. कापडातील द्रव्यांनी होणारी त्वचेची अॅलर्जी तत्काळ दिसत नाही. पहिल्या काही वेळा शरीर त्या द्रव्याची नुसती ओळख करून घेते. एकदा ती ओळख पटली की पुढच्या संपर्कानंतर दोन-तीन दिवसांनी पुरळ उठतो. तोवर लग्न आटोपलेले असते, कपडा कपाटात गेलेला असतो आणि दोष घामोळ्यांच्या माथी मारला जातो. मी स्वतः एका पुतण्याच्या लग्नात गडद निळा पॉलिस्टरमिश्रित कुर्ता कोराच घातला होता. तिसऱ्या दिवशी मानेच्या दोन्ही बाजूंना आणि कोपरांच्या आतल्या घड्यांत चट्टे उठले, तेव्हा मीही आधी उन्हालाच दोष दिला. डॉक्टरांनी कपड्याविषयी विचारले म्हणून कुर्ता आठवला. ओळखण्याची एक खूण सांगण्याजोगी आहे. कपड्याच्या रंगाने होणारा पुरळ काखेच्या कडांना, जेथे कापड घासते तेथे येतो आणि काखेचा खोल मध्यभाग बहुधा मोकळा राहतो. काखेत लावायच्या सुगंधी द्रव्याने झालेला पुरळ नेमका त्या मध्यभागीच येतो.

खानदेशात या मुद्द्याला अधिक वजन आहे आणि त्याला कारणे दोन. पहिले असे की, आपल्या दुकानांतील साड्या आणि ड्रेस मटेरियल मोठ्या प्रमाणावर सुरतेहून येते आणि ते बहुतांशी पॉलिस्टर असते. पॉलिस्टरला डिस्पर्स जातीचे रंग लागतात, ते दाबाखाली सुमारे 130 अंश तापमानाला धाग्यात शिरवले जातात, आणि गडद छटांमध्ये पृष्ठभागावर उरलेला रंग कॉस्टिक व हायड्रोसल्फाइटच्या वेगळ्या धुलाईने काढावा लागतो. ती धुलाई नीट झाली नाही तर जो रंग वर राहतो, तो कापडजन्य अॅलर्जीच्या सर्वपरिचित कारणांपैकी एक आहे. डिस्पर्स ब्लू 106 आणि 124 ही नावे त्वचारोगतज्ज्ञांना चांगली ठाऊक असतात. दुसरे कारण आपले ऊन. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 अंशांवर जातो, मांडवात घामाच्या धारा लागतात, आणि घाम व घर्षण या दोहोंनीच हा सुटा रंग कापडातून कातडीवर येतो. ज्या हवेत नवे कपडे सर्वाधिक घातले जातात, तीच हवा त्यांच्यातील द्रव्ये सोडविण्यास सर्वांत अनुकूल आहे.

दुसरे द्रव्य फॉर्माल्डिहाइड. ‘रिंकल फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुती शर्ट-पॅण्टींवर जे राळेसारखे आवरण चढवतात, त्यातून ते थोडे थोडे सुटते. जपानने लहान बाळांच्या कपड्यांसाठी याची मर्यादा 1970 च्या दशकातच कडक केली. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने 2010 साली 180 वस्तू तपासल्या, तेव्हा 10 वस्तूंत दर दहा लाख भागांत 75 भाग ही कठोर मर्यादा ओलांडलेली आढळली, आणि त्यांतील बहुतेकांवर सुरकुत्या न पडण्याचा दावा छापलेला होता. हे द्रव्य पाण्यात विरघळते, म्हणून एका धुलाईनेही सुटा भाग बराच कमी होतो. कोरा शर्ट घातल्याने कर्करोग होतो, असे सांगणारा उलट संदेशही मी पाहिला आहे. तोही तितकाच बेजबाबदार आहे. फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवण्यात आले, ते प्रामुख्याने कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षे त्याची वाफ श्वासावाटे घेणाऱ्यांच्या अभ्यासावरून. शर्टाच्या बाबतीत प्रश्न खाजेचा आणि पुरळाचा आहे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सवलत देणार नाही. डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन हे G6PD नावाच्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, जन्मजात उणीव असलेल्या बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडू शकते, आणि डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे असे घडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. देशातील काही आदिवासी समाजांत ही उणीव अधिक आढळते, म्हणून सातपुड्याच्या पट्ट्यातील वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. डांबरगोळ्यांचा वास येणारे झबले किंवा दुपटे धुऊन, दोन दिवस उन्हावाऱ्यावर टाकून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावे. जुन्या मऊ धोतराचे झबले आणि जुन्या लुगड्याचे दुपटे करणाऱ्या आज्यांना विकराचे नाव माहीत नव्हते, पण शंभर वेळा धुतलेले कापडच त्या बाळाला लावीत होत्या.

त्या आज्यांचाच दाखला संदेशकर्त्याने उलटा दिला आहे. कोरे लुगडे खळीने इतके कडक असे की ते रात्रभर भिजत घातल्याशिवाय नेसताच येत नसे. कापड शिंप्याकडे नेले की तो आधी विचारी, “पाण्यातून काढले आहे का?” सुती कापड पहिल्या पाण्यात आटते आणि शिवल्यावर आटले तर दोष शिंप्याला लागतो. आजही साडीला लावायचा फॉल आणि ब्लाउजचे अस्तर आधी भिजवून वाळवतात; ज्यांनी कंटाळा केला, त्यांच्या साडीचा काठ पहिल्या धुण्यानंतर गोळा झालेला दिसतो. न धुण्याची सवय तयार कपडे आल्यानंतरची आहे. तिच्यावर आजोबांचे नाव घालू नये.

चमक जाते, हे अर्धे खरे आहे. खळीचा कडकपणा आणि गरम रुळांखाली दाबून आणलेली तकाकी पाण्याने उतरते. ती कापडाची नव्हतीच. पण जरीची रेशमी साडी किंवा शालू घरी पाण्यात घालू नये, हे मीही म्हणेन. ती वाऱ्यावर मोकळी करावी आणि तिच्या आत अंगाला लागणारे परकर-ब्लाउज तेवढे धुतलेले असावेत. आणखी एक व्यवहाराची सूचना: धुतलेला कपडा दुकानदार बदलून देत नाही, म्हणून माप आधी नीट पाहून घ्यावे आणि मगच कपड्यावरची किमतीची चिठ्ठी काढावी.

शकुनाविषयी फार बोलण्याची गरज नाही. पूजेला धूतवस्त्र नेसणाऱ्या समाजाला धुण्याने पावित्र्य मोडते असे सांगणे विचित्र आहे. धार्मिक कर्मासाठी लागणाऱ्या ‘अहत’ वस्त्राची जुनी व्याख्यासुद्धा नवे, पांढरे, दशा (काठाचे मोकळे दोरे) असलेले, कोणी न नेसलेले आणि ‘ईषद्धौत’, म्हणजे थोडेसे धुतलेले, अशी आहे. हळदीकुंकवाचे बोट वाळलेल्या कपड्यालाही लावता येते, आणि घडी मोडण्याचा मान ज्याला द्यायचा त्याला इस्त्री केलेल्या घडीवरही देता येतो.

राहिला पाण्याचा मुद्दा, आणि येथे मी संदेशकर्त्याशी भांडणार नाही. उन्हाळ्यात ज्या गावांत नळाला आठवड्यातून एक-दोनदाच पाणी येते, तेथे एक जादा धुणे म्हणजे खरोखर जादा धुणे आहे. जगाच्या सरासरीने एक किलो सुती कापडामागे सुमारे 10,000 लिटर पाणी लागते, तेव्हा आणखी दोन बादल्यांनी काय होते, असा युक्तिवाद करता येईल. पण ज्या बाईला ते पाणी हंड्याने आणावे लागते, तिला तो ऐकवण्यात अर्थ नाही. म्हणून क्रम लावावा. बाळाचे कपडे, अंतर्वस्त्रे, घट्ट बसणारे गडद पॉलिस्टर आणि ‘रिंकल फ्री’ शर्ट हे धुवावेतच. सैल, फिकट सुती कपड्याला एकदा नुसते खळबळून काढले तरी चालेल. वरून घालायच्या जाकिटाला तेवढीही घाई नाही. सारख्या छटांचे कपडे उलटे करून एकत्र, थंड पाण्यात थोड्या साबणाने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. पाणी रंगीत आले तर दुसऱ्यांदा खळबळावे. ते पाणी तुळशीला किंवा परसातल्या कढीपत्त्याला न घालता संडासात ओतायला ठेवावे.