‘भावनेला हिशेबाचं नाव देऊ नका’: जुनी पिकअप न बदलण्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला बसलो होतो, पण अर्ध्यात थांबलो, कारण आधी गाडीखाली जाऊन एक गोष्ट बघायची होती. ती बघून झाली, आता लिहितो. जरा लांबेल.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझी फोर बाय फोर पिकअप १९ वर्षांची झाली, मीटरवर ३ लाख ४० हजार किलोमीटर आहेत, आणि ती बदलून नवी घ्यावी का यावर मी लिहिलं होतं, उत्तर असं दिलं होतं की अजून नाही. त्यावर तुमचं म्हणणं, मी भावनेला हिशेबाचं नाव देतोय, नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत आणि वाट नसलेल्या ठिकाणीसुद्धा जास्त चांगल्या चालतात, आणि माझं वाचून कोणी आपली मोडकळीला आलेली गाडी तशीच चालवत राहिलं तर जबाबदार कोण. आणि शेवटी तुम्ही तुमच्यावर आलेला प्रसंग लिहिलात. हौदा भरलेला, लांब उतार, मागच्या ॲक्सलवरून जाणारा ब्रेकचा पाइप गंजून फुटला आणि पेडल एकदम खाली गेलं. तुम्ही गिअर खाली खाली आणत गाडी कडेच्या मातीला घासून थांबवलीत. कोणाला काही झालं नाही हे वाचून खरंच हायसं वाटलं. असा प्रसंग आलेला माणूस माझ्यासारख्यावर चिडणार, मीही चिडलो असतो.

आता भावनेचं. आहे भावना, नाकारत नाही. या गाडीने मला ज्या ज्या ठिकाणाहून परत आणलंय ते मी विसरू शकत नाही. पण मी लेखात ‘भरवसा’ हा शब्द वापरला तो भावनेसाठी नव्हता. भरवसा म्हणजे माझ्यासाठी गाडीबद्दलची साठलेली माहिती. ऑइल बदलल्यापासून पाच हजार किलोमीटरला ही गाडी साधारण अर्धा लिटर ऑइल खाते, गेली सहा वर्षं तेवढंच खाते, म्हणजे पिस्टनच्या रिंगा जिथे होत्या तिथेच आहेत. मागच्या डिफरन्शियलचा (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचा) आवाज कुठल्या स्पीडला येतो आणि कुठल्या स्पीडला जातो हे मला माहितीय, तो ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी मला कळेल. दोन वर्षांपूर्वी जुनं ऑइल लॅबला तपासायला पाठवलं होतं, त्यात लोखंड आणि तांबं ठीक होतं पण सिलिकॉन जास्त आलं, सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ, म्हणून शोधत गेलो तर एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण एका कोपऱ्यात तडकलेलं. इंजिनला काही जाणवायच्या आधी ते सापडलं. ही सगळी माहिती गाडी विकली की शून्य होते, आणि नव्या गाडीबद्दल ती पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागते. दुसऱ्याची वापरलेली घेतली तर अजूनच वाईट, तिथे इतिहास असतो पण तो आपल्याला कोणी सांगत नाही.

पण तुमची प्रतिक्रिया वाचताना मला एक प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर मला देता आलं नाही. माझ्या गाडीचा तो मागचा ब्रेक पाइप मी शेवटचा नीट कधी बघितला होता? पॅड दर वेळी बघतो, मागचे ड्रम उघडतो, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलतो. पाइप आठवेना. म्हणजे ज्या माहितीच्या जोरावर मी एवढा मोठा लेख लिहिला त्यात हे भोक होतं. जुन्या गाडीची माहिती शिळी होते, आणि आपण ती ताजी आहे असं समजून चालवत राहतो, हे मी लेखात लिहायला पाहिजे होतं आणि लिहिलं नाही.

म्हणून काल गाडी स्टँडवर घेतली आणि खाली गेलो. उघड्या भागात पाइप बरा दिसत होता. मग पाइपला चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, धरून ठेवणाऱ्या क्लिपा एकेक सोडवल्या, आणि मागच्या ॲक्सलजवळच्या दुसऱ्या क्लिपखाली पाइप खरखरीत लागला, बोटाने चोळला तर पापुद्रे निघाले. क्लिपमध्ये चिखल आणि ओल अडकून बसते, तिथेच स्टीलचा पाइप आतल्या आत खाल्ला जातो, वरून काही कळत नाही. अजून फुटला नव्हता. किती दिवस टिकला असता मला सांगता येणार नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. ब्रेकची लाइन बहुतेक पिकअपमध्ये दोन भागांत असते, पुढची वेगळी आणि मागची वेगळी, मास्टर सिलेंडरमध्ये दोन कप्पे असतात ते याच्यासाठीच. मागचा पाइप फुटला तर पुढचे ब्रेक राहतात, पण पेडल खूप खाली जातं आणि हौदा भरलेला असेल तर एकट्या पुढच्या ब्रेकवर उतारात गाडी आवरणं फार अवघड. त्यात पिकअपमध्ये एक व्हॉल्व्ह असतो जो मागे किती लोड आहे ते ॲक्सलला जोडलेल्या एका दांडीवरून ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला कमीजास्त प्रेशर देतो. जे लोक पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून गाडी उंच करतात त्यांनी ती दांडी पुन्हा सेट केली नाही तर व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे आणि तो मागचं प्रेशर तोडतो, म्हणजे भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक नावापुरते. ती दांडी गंजून जाम झाली तरी हाच धोका. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पण पाणी धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून गाडी आणली की तेवढी उष्णता तयार होते, ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. तेव्हा उतारावर गिअर खाली ठेवा, रस्ता मोकळा माती-दगडाचा असेल तर फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) लावा, इंजिनला गाडी धरू द्या.

आता सुरक्षिततेचं, आणि इथे मी सरळ मान्य करतो की तुम्ही बरोबर आहात. माझ्या गाडीत ईएससी नाही, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ धरणारी सिस्टीम. ही सिस्टीम १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, अमेरिकेत २०१२ मॉडेलपासून सगळ्या हलक्या वाहनांना सक्तीची झाली, आणि उंच, जड, मागून हलक्या अशा गाडीला तिची गरज सगळ्यात जास्त असते, कारण रिकाम्या हौद्याची पिकअप ओल्या वळणावर मागून कधी सुटेल सांगता येत नाही. माझ्याकडे दोनच एअरबॅग आहेत. कॅबिनची रचना ज्या काळातली आहे त्या काळापेक्षा आजची अपघातात माणसाला जास्त वाचवते. कितीही ग्रीसिंग करा, कितीही ऑइल तपासा, यातलं काहीही जुन्या गाडीत आणता येत नाही. लेखात मी ‘सांभाळून चालवलं की झालं’ असं एक वाक्य लिहिलं होतं ते चुकीचं होतं, समोरून येणारा सांभाळून चालवेल याची खात्री मी कशी देणार. ते वाक्य मी काढलंय. आणि घरातही ठरलंय, लांबच्या हायवेच्या प्रवासाला घरच्यांना घेऊन ही गाडी जाणार नाही. ती कामाला आणि वाट संपते तिथून पुढे.

खराब वाटेवर नवीनच चांगली हे मात्र मी अर्धंच मानतो. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, त्यामुळे एक चाक हवेत गेलं की ते भिरभिरतं आणि जमिनीवरच्या चाकालाही काही मिळत नाही. नव्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल ते फिरणारं चाक ब्रेक लावून धरतं आणि ताकद दुसरीकडे जाते. सुंदर काम करतं, नवशिक्या माणसाला ज्या चढावर माझी गाडी नेता येणार नाही तिथे तो नवी घेऊन आरामात जाईल. पण माझ्या गाडीला मागे लॉकर आहे, तो मागची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावतो, पहिला गिअर ४.३, लो २.५ आणि फायनल ४.१, गुणाकार केला तर ४४ येतो, म्हणजे इंजिन ४४ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा, आणि त्या स्पीडला मी दगडावर चाक इंचाइंचाने ठेवू शकतो. टायरची हवा कमी केली की बाकीचं काम टायर करतात. त्यासाठी मला नवी गाडी नको.

माझी नव्या गाडीबद्दलची खरी अडचण दुसरी आहे. नव्या डिझेलमध्ये डीपीएफ असतो, धुराची काजळी अडवणारा फिल्टर, आणि ती काजळी जाळायला एक्झॉस्ट साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा तास चालणाऱ्या गाडीला त्याचं काहीच नाही. माझं काम म्हणजे लो गिअरमध्ये कूर्मगतीने दोन-तीन किलोमीटर, मग इंजिन बंद, मग पुन्हा तेवढंच. अशा वापरात काजळी जाळायची प्रक्रिया अर्धवट राहते, काही इंजिनांत जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि शेवटी गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन स्वतःला वाचवायला ताकद एकदम कमी करतं. हवा स्वच्छ राहावी म्हणून ते आहे आणि ते असलंच पाहिजे, माझ्या गाडीचा धूर जास्त घाण आहे हे मला माहितीय आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण ज्याचा वापर माझ्यासारखा आहे त्याने शोरूममध्ये सही करायच्या आधी हा प्रश्न विचारावा एवढंच.

तर मग बदलायची कधी? लेखात मी खर्चावर भर दिला होता, वर्षाचा दुरुस्तीचा खर्च आणि नवीचा हप्ता वगैरे. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मला वाटतं मी चुकीच्या जागी बोट ठेवलं. इंजिनचं काम करता येतं, गिअरबॉक्स उघडता येतो, पाटे, बूश, क्रॉस, क्लच प्लेट हे सगळं बदलता येतं, खर्च येतो पण गाडी पुन्हा उभी राहते. चॅसीचं तसं नाही. पेटीसारखी पोकळ असते, आतून गंजते, आणि वरचा रंग शेवटपर्यंत चांगला दिसतो. मी हातोडीने ठोकत जातो, चांगल्या लोखंडाचा खणखणीत आवाज येतो आणि कुजलेल्याचा भद्द, शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघतो. पाट्यांचे हँगर, मधले आडवे मेंबर, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा, इथे जर तडा किंवा भोक सापडलं तर माझ्यासाठी विषय संपला, तिथे पत्रा वेल्डिंग करून मी कोणालाही त्या गाडीत बसवणार नाही. काल तेही सगळं पुन्हा ठोकून बघितलं, डावीकडच्या मागच्या हँगरशेजारी वरवरचा गंज आहे, लोखंड घट्ट आहे. दर सहा महिन्यांनी बघायचं आणि तारखेसकट लिहून ठेवायचं असं ठरवलंय, लक्षात ठेवण्यावर आता सोडत नाही.

आणि जबाबदारीचा प्रश्न. ज्याला स्वतः गाडीखाली जायला वेळ नाही, आवड नाही, किंवा ज्याचा मिस्त्री वरवर बघून ‘ठीक आहे’ म्हणतो, त्याने माझं ऐकू नये, गाडी बदलावी. ज्याची पिकअप रोज हायवेवर पळते त्यानेही. हे मी लेखाच्या अगदी वर टाकलंय, तुमचा अनुभवही थोडक्यात लिहिलाय, तुमची हरकत असेल तर सांगा, लगेच काढतो.

पाइपचं म्हणाल तर पुढचे-मागचे सगळे काढलेत, तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे नवे करायला दिलेत, ते स्टीलसारखे गंजत नाहीत. रबरी होजही सोबत बदलतोय. ते बसून, ऑइल भरून, हवा काढून, हौद्यात लोड टाकून सपाट जागेवर ब्रेक बघेपर्यंत गाडी स्टँडवरच राहील. तुम्ही लिहिलं नसतं तर आज ती भरून उतारावर असती.