खुलासा: राळेच्या मलमाने गजकर्ण जात नाही

‘राळ तेलात वितळवून लावा, गजकर्ण 3 दिवसांत गायब’ हा मेसेज चुकीचा आहे. राळेचे मलम (एक भाग राळ म्हणजे साल वृक्षाचा सुकलेला चीक, साधारण चार भाग तिळाचे तेल, मंद आचेवर वितळवून, गाळून, पाण्यात घोटलेले) भेगाळलेल्या टाचांसाठी जुने आणि चांगले. गजकर्ण मात्र बुरशीचा संसर्ग. जांघेत तेलकट थर दिला की ओलावा कोंडतो, बुरशीला तेच हवे असते. शिवाय राळ म्हणून पुष्कळदा चिडाचे (पाइन झाडाचे) रोझिन मिळते, त्याची अ‍ॅलर्जी काहींना असते.

गजकर्णावर बुरशीनाशक क्लोट्रिमाझोल क्रीम चट्ट्याच्या कडेबाहेर 2 सेंमीपर्यंत लावावे, चट्टा गेल्यावरही 2 आठवडे. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब टाळा. मधुमेह असल्यास किंवा चट्टे पसरत असल्यास थेट त्वचारोगतज्ज्ञ. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.