विकत घेतलेला सिनेमा गेला कुठं?

आता हे काय नवीन! पैसे मोजून घेतलेला सिनेमा ॲपमधून गायब. भाड्यानं नाही हां, विकत. काल रात्री जेवणं आटपून आई चष्मा पुसून टीव्हीसमोर बसली, मी 'माझी खरेदी' उघडलं, तर पोस्टरच्या जागी करडा चौकोन आणि खाली "हे शीर्षक आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही". कुठला प्रदेश? विश्रामबाग? घेतला तेव्हाही मी इथंच बसलेलो की राव.

मग मदत केंद्राचं चॅट. "आम्ही आपल्या भावना समजू शकतो." भावना राहू दे, सिनेमा दे. पावती क्रमांक मागितला, दिला. परत मागितला, परत दिला. शेवटी उत्तर काय, तर आपण सिनेमा घेतलाच नव्हता, पाहण्याचा परवाना घेतला होता, आणि हक्कधारकाशी आमचा करार संपला. करार तुमचा संपला, पैसे माझे का बुडाले? परतावा म्हटल्यावर तर "हे संभाषण कसं वाटलं? कृपया तारे द्या." तारे! मी तावातावानं "अहो ताई, जरा ऐकून तरी घ्या" टाइप करतोय, तोवर मागून पोरगी म्हणाली, "बाबा, तो बॉट आहे." रात्री साडेअकराला यंत्राशी अहो-जाहो करून भांडणारा अख्ख्या सांगलीत मी एकटाच असणार. आईचं वेगळंच. "पैसे दिलेस न्हवं? मग जा की, घेऊन ये त्यांच्याकडनं." कुठं जाऊ आई, त्यांना दुकानच नाही!

हे डिजिटलचं खूळ आमच्यात आलं 2019 च्या पुरानं. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली आणि तळमजल्यावरचं डिस्कचं खोकं गाळात. धाकटा म्हणाला, "दादा, आता सगळं डिजिटल घे, त्यात पाणी शिरत नाही." खरंय, वकील शिरतात. गाळातल्या त्या डिस्क आम्ही साबणाच्या पाण्यानं धुतल्या, मधून कडेकडं सुती फडक्यानं पुसल्या. बऱ्याचशा अजून चालतात!

गेमचं तर विचारूच नका. 2014 चा 'द क्रू', 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद. त्याच्याशिवाय हा गेम चालतच नाही, एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी, आणि डिस्कवाल्यांच्या हातात नुसती चकती. कॅलिफोर्नियात म्हणे 2025 पासून विकतानाच सांगावं लागतं की हा फक्त परवाना आहे. म्हणजे लुटा, पण सांगून लुटा. त्यात आमच्या जुन्या पीएस फाइव्हची, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राची, जागा. सांगायला 825 जीबी, वापरायला 667 च्या आसपास. एकेक गेम शंभरी ओलांडतो, नवा घालायचा तर जुना उडवा, परत हवा तर रात्रभर उतरवा, आणि नव्वद टक्क्यांवर लाईट जाणार. सेलमध्ये घेतलेले निम्मे मी अजून उघडलेलेही नाहीत, ते सोडा. न उघडता गेले तरी मी ताईंशी भांडणारच.

आज सकाळी ठरवलं, इथून पुढं डिस्कच. गणपती पेठेत विचारलं तर दुकानदार म्हणतो, "डिस्क कोण घेतंय साहेब आता, मोबाईलची कव्हरं दाखवू?" मागं लागल्यावर माळ्यावरनं एक डबा काढला. सीलबंद, वर झकास चित्र. घरी आणून फोडला, तर आत कागदाचा चिटोरा, त्यावर कोड. इंटरनेट आवश्यक म्हणे. अरे, मग डबा कशाला दिलात, मोहरी ठेवायला?